पैसे द्यायच्या आधी बघा: किराणा, भाजी, मिठाई, मॉल आणि ऑनलाइन खरेदीत फसायचं नसेल तर

महिन्याचा किराणा भरताना, मंडईत भाजी घेताना, सणाला मिठाई घेताना कुठेतरी दोन-पाच-दहा रुपये जास्त जातातच आणि आपण "जाऊदे ना, एवढ्याशासाठी कोण हुज्जत घालणार" म्हणून पुढे निघतो. मला ह्याचंच खूप वाईट वाटतं. कारण असं पुढे निघून जाणारे त्या काउंटरवर दिवसभरात कितीतरी जण असतात आणि ज्यांच्या घरात महिनाअखेरीला पन्नास रुपयांचाही हिशोब लागतो त्यांनाही तोच काटा, तोच भाव आणि तीच उत्तरं मिळतात. आणि खरं सांगायचं तर भांडायची वेळ फारशी येतही नाही, पैसे हातातून जायच्या आधी नीट बघितलं, शांतपणे विचारलं तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे मिटतं. पैसे गेल्यावर मात्र तीच गोष्ट निस्तरायला फोन, मेल, हेलपाटे. म्हणून काय, कधी, कुठे बघायचं ते एकत्र लिहून ठेवतोय.

पाकिटावरची किंमत नंतर, वजन आधी

आपली सगळ्यांची नजर पहिली एमआरपीवर जाते. पण आजकाल भाववाढ किमतीत कमी आणि वजनात जास्त होते. पाच आणि दहा रुपयांची बिस्किटं, फरसाण, साबण बघा, किंमत वर्षानुवर्षं तीच कारण तो आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय, आणि आतला माल हळूहळू कमी होत जातो. पाकिटाचा आकार तोच, आत हवा जास्त. ह्यात बेकायदेशीर काही नाही, निव्वळ वजन छापलेलं असतं, आपण ते वाचत नाही एवढंच. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, डिटर्जंट अशा बऱ्याच वस्तूंना ठरावीक वजनाच्याच पॅकिंगची सक्ती होती, ती सक्ती गेली आणि तेव्हापासून विचित्र आकड्यांची पाकिटं आली.

गोडेतेलाचं उदाहरण घ्या, कारण घरात सगळ्यात जास्त पैसे जातात त्यातलंच ते एक. एक लिटर तेल म्हणजे वजनाने साधारण ९१० ग्रॅम. पण शेल्फवर तशाच दिसणाऱ्या पिशव्यांमध्ये ८५० ग्रॅमच्याही असतात, ७५० च्याही असतात. समजा एक पिशवी १४५ रुपयांना आणि शेजारची १५२ ला. हात आपोआप १४५ कडे जातो. आता मागे फिरवून बघा, १४५ वाली ८५० ग्रॅमची आणि १५२ वाली ९१० ग्रॅमची असेल तर पहिलीचा किलोचा भाव पडला जवळपास १७१ आणि दुसरीचा १६७. म्हणजे स्वस्त दिसणारी पिशवी महाग आहे.

हा हिशोब दरवेळी तोंडी करायची गरज नाही. एमआरपीच्या जवळच बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका मिलीलिटरचा भाव. एक किलोपेक्षा जास्तीचं पाकीट असेल तर किलोचा. दोन ब्रँड किंवा दोन साइज हातात धरून फक्त हा एक आकडा ताडून बघायचा. मोठं पॅक म्हणजे स्वस्त हेही कायम खरं नसतं, शाम्पूत तर अनेकदा रुपया-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, करून बघा. "२० टक्के एक्स्ट्रा" लिहिलेलं असेल तर कशाच्या २० टक्के ते बघा, आणि फॅमिली पॅक, इकॉनॉमी पॅक ह्या शब्दांवर अजिबात जाऊ नका.

अजून एक सवय लावून घ्या. घटकांची यादी असते ना, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, म्हणजे पहिलं नाव ज्याचं तो पदार्थ सगळ्यात जास्त. पुढच्या बाजूला नाचणी, ओट्स, मल्टिग्रेन असे मोठे फोटो आणि मागे यादीत पहिलं नाव मैदा, दुसरं साखर असं असेल तर आपण नाचणीच्या भावाने मैदा विकत घेतोय. तसंच आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं, आणि हे शब्द डब्यावर असतात पण कोपऱ्यात असतात. मुलांसाठी घेताना तरी वाचा.

काटा

मंडईत आणि आठवडी बाजारात माझी सगळ्यांना एकच विनंती असते, मोबाइल खिशात ठेवा आणि काट्याकडे बघा. मापात पाप म्हणतात ते फार साध्या पद्धतीने होतं. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर भाजी ठेवायच्या आधी डिस्प्लेवर शून्य आहे का हे बघायचं. बऱ्याच ठिकाणी वर एक टोपली किंवा ताट असतं, ते ठेवूनच शून्य केलेलं असायला हवं. ताट काट्यावर, आकडा शून्य, मग भाजी, हा क्रम. काही जण भाजी ताटात भरून एकदम काट्यावर आदळतात, आकडा वरखाली हलत असतानाच "हां किलो झालं" म्हणून पिशवीत ओततात. अशा वेळी फक्त एवढंच म्हणायचं, "दादा, आकडा थांबू द्या जरा." काट्याचा डिस्प्ले विक्रेत्याच्या बाजूला वळवलेला असेल तर "मावशी, इकडे वळवा ना" म्हणायचं. कुणी रागावत नाही. हातगाडीवर वजनाऐवजी दगड नाहीतर बटाटा ठेवून मापणारे अजूनही दिसतात, तिथून घेऊ नका.

शंका आली तर एक सोपा उपाय आहे. आपल्या पिशवीत एक किलोचं सीलबंद मिठाचं किंवा साखरेचं पाकीट असतंच, ते त्या काट्यावर ठेवायला सांगा. एक किलो आणि प्लास्टिकचे थोडे ग्रॅम वर, एवढा आकडा यायला हवा. ९४०, ९५० दाखवत असेल तर तो काटा तुमच्या बाजूने चुकतोय, म्हणजे भाजी देताना जास्त जातेय. एक किलो १०० दाखवत असेल तर मात्र सावध व्हा, ह्या काट्यावर तुमचं किलो जेमतेम ९००-९१० ग्रॅमचं आहे. काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो, जुन्या पद्धतीच्या वजनांची दर दोन वर्षांनी. दुकानात पडताळणीचं प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असायला हवं, ते बघायचा आपल्याला हक्क आहे.

हेही सांगतो की भाजीवाल्या मावशींशी कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपये पाडून घेण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. त्या पहाटे उठून मार्केट यार्डातून माल आणतात. भावात घासाघीस करू नका हवं तर, वजन मात्र पूर्ण मागा.

मिठाईच्या दुकानात काट्यावर दुप्पट लक्ष द्या. दिवाळी, गणपती, रक्षाबंधनाला गर्दी असते, मुलगा भराभर खोक्यात पेढे भरतो आणि खोक्यासकट वजन करतो. आता ८०० रुपये किलोची मिठाई आणि ६० ग्रॅमचा पुठ्ठ्याचा खोका असेल तर ४८ रुपये पुठ्ठ्याचे झाले, आणि सणाला नातेवाइकांकडे द्यायला असे पाच-सहा खोके घेतो आपण. कायद्याने वजन फक्त मिठाईचं धरायचं असतं. म्हणून ऑर्डर देतानाच म्हणायचं, "रिकामा खोका ठेवून आधी शून्य करा, मग भरा." भरून झाल्यावर सांगितलं तर मागे रांग असते आणि आपणच संकोचतो. दुसरं म्हणजे १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोर बेस्ट बिफोर तारीख लावणं बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारा, बंगाली आणि खव्याच्या मिठाईला तर नक्कीच, ती फार दिवस टिकत नाही.

हापूसची पेटी घेताना वरचा थर बघून पैसे देऊ नका. वरचे सुंदर, सारखे, आणि खाली गवतात लहान नाहीतर डागी, हे दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरी होतंच. पेटी उघडून खालचा थर हात घालून बघू द्या असं सांगायचं, चांगला विक्रेता स्वतःच उलटून दाखवतो. हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. बाहेरचा आंबा "देवगड" छापलेल्या खोक्यात येतो तेव्हा आपलेही पैसे जातात आणि कोकणातल्या बागायतदाराचंही नुकसान होतं. बागायतदार कोण, बाग कुठली हे विचारा, शक्य असेल तर थेट बागायतदाराकडून नाहीतर आंबा महोत्सवातून घ्या.

सुपरमार्केटमध्ये

इथे काटा नाही पण बिलिंगचा स्क्रीन आहे. शेल्फवरच्या पट्टीवर एक भाव आणि बिलात दुसरा, हे इतकं होतं की मी आता ऑफरवाली वस्तू उचलताना त्या पट्टीचा मोबाइलवर फोटोच काढतो. बऱ्याचदा ती पट्टी शेजारच्या साइजची असते, ५०० ग्रॅमची ऑफर आणि खाली रचून ठेवलेली ४०० ग्रॅमची पाकिटं. पट्टीवर वस्तूचं नाव, वजन आणि ऑफर कधीपर्यंत आहे ते वाचा. बिल होताना सामान पिशवीत भरायला एक जण आणि स्क्रीनकडे बघायला एक जण असं करा. एकटे असाल तर आधी स्क्रीन बघा, भरणं नंतर, मागचे लोक दोन मिनिटं थांबतील. "दोनवर एक फ्री" वाल्या वस्तूचे तिन्हींचे पैसे लागले का, एकच वस्तू दोनदा स्कॅन झाली का, हे तिथेच दिसतं. दारातून बाहेर पडल्यावर तेच सिद्ध करणं कठीण.

दूध, ब्रेड, दही नेहमी मागच्या रांगेतून काढा, जुनी तारीख पुढे ठेवलेली असते. बेस्ट बिफोर आणि एक्सपायरीत फरक आहे बरं का, बेस्ट बिफोर उलटली की चव-कुरकुरीतपणा कमी होतो, एक्सपायरी किंवा यूज बाय उलटली की वस्तू खायचीच नाही.

काउंटरवर मोबाइल नंबर मागतात. द्यायची सक्ती नाही, केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबर दिला नाही म्हणून बिल अडवू नका. "नंबर द्यायचा नाहीये" एवढं पुरतं. "सिस्टिम पुढेच जात नाही" असं म्हणाले तर मॅनेजरला बोलवा, सिस्टिम पुढे जाते. आणि घरून कापडी पिशवी न्या, पिशवीचे दहा-वीस रुपये देऊन त्यांच्याच नावाची जाहिरात हातात मिरवायची काही गरज नाही.

एमआरपीच्या वर एक रुपयाही नाही

दुधाच्या पिशवीवर एक-दोन रुपये जास्त, पाण्याच्या थंड बाटलीवर "कूलिंग चार्ज", बसस्टँडवर वीसची बाटली पंचवीसला. एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात आणि दुकानदाराचं कमिशनही त्यातच असतं, तेव्हा त्यावर थंड करायचे पैसे घेणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे. रेल्वे स्टेशनवर तर अजून स्पष्ट आहे, एक लिटर रेल नीर सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे, जास्त मागितले तर स्टॉलवरचा नंबर टिपून रेल्वेच्या १३९ ह्या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. अपवाद हॉटेलचा. टेबलावर बसून बाटली मागवली तर सोबत सेवाही असते म्हणून हॉटेल-रेस्टॉरंटना एमआरपीचं बंधन नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय, तेव्हा तिथे वाद घालून उपयोग नाही, मेन्यूवरचा भाव बघून मागवा.

पण त्याच हॉटेलच्या बिलात खाली ५ किंवा १० टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या सूचना कायम ठेवल्या. सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी ह्यात गल्लत करू नका, जीएसटी सरकारचा, तो द्यावाच लागतो. वेटरला खूश होऊन टीप द्यायची असेल तर त्याच्या हातात द्या, त्याला ती नक्की मिळेल.

सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवतात, ते घेऊ नका, युपीआय करा नाहीतर "पुढच्या वेळी वळते करा" सांगा. दहा रुपयांचं नाणं घेत नाही म्हणणारे अजून भेटतात, सगळ्या डिझाइनची नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे.

बिल

"पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जास्त पडतील" हे मिक्सर, पंखा, मोबाइल घेताना ऐकलंय ना सगळ्यांनी? ह्या मोहात पडू नका. पाकीटबंद वस्तूच्या एमआरपीत जीएसटी आधीच असतो. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही, आणि बिघडलं तर तो दुकानदार तुम्हाला ओळखतही नाही. बिलावर दुकानाचं नाव, तारीख, वस्तूचं मॉडेल, सिरियल नंबर आणि पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो, गोव्यातल्याचा ३० ने. काही छोटे दुकानदार कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असतात, त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही आणि तसं त्यांच्या बिलावर लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं असूनही खाली कर लावला असेल तर तिथेच बोट ठेवून विचारा.

बिलाचा फोटो काढायला घरी येईपर्यंत थांबू नका, दुकानातच काढा. ते गुळगुळीत कागदावरचं बिल काही महिन्यांत कोरं होतं आणि वॉरंटी असते वर्षाची.

कपड्यांच्या दुकानात भिंतीवर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असते. आवडला नाही, रंग पटला नाही म्हणून परत करायचा असेल तर ते दुकानाच्या धोरणावर आहे, आधी विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. पण माल सदोष निघाला, उसवलेला, डागी, चालतच नाही असा, तर ती पाटी दाखवून तुम्हाला परत पाठवता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. हे दोन मुद्दे तोंडपाठ करा.

ऑनलाइन

इथे भाव कळतो शेवटच्या पानावर. वस्तू १९९ ची, मग हँडलिंग, प्लॅटफॉर्म फी, पॅकिंग, डिलिव्हरी, आणि कुठेतरी आधीच टिक केलेली देणगी किंवा टीप. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने असे १३ डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला गंडवायच्या ऑनलाइन युक्त्या, ठरवून त्यांना मनाई केली, त्यात न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, शेवटी चार्जेस वाढवणं, "फक्त २ शिल्लक, १० मिनिटांत ऑफर संपणार" अशी खोटी घाई करणं हे सगळं येतं. पैसे भरायच्या पानावर प्रत्येक ओळ उघडून बघा, आणि टायमर चालू असेल तर मुद्दाम उद्यावर टाका, बहुतेक वेळा ऑफर उद्याही असते.

महागडी वस्तू आली की पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, आधी पत्त्याचं लेबल, मग चारही बाजूंचं टेप, मग उघडणं, मधे कट नको. परत पाठवताना पिकअपवाल्याकडून पावती घ्या. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधू नका, अ‍ॅपमधूनच घ्या. रिफंड मिळवायला युपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आपल्या आईवडिलांना हे एकदा बसवून समजावून सांगा.

तरीही फसलात तर

पहिल्यांदा दुकानाला किंवा कंपनीला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल, फोन नको. ऑनलाइन कंपनीला तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. लिहिताना रागाचं काही नको, असं लिहा: "अमुक तारखेला तुमच्या दुकानातून अमुक वस्तू घेतली, बिल नंबर अमुक. एमआरपी २० रुपये असताना २५ घेतले, फोटो जोडला आहे. जास्तीचे पैसे सात दिवसांत परत करावेत, अन्यथा मी ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करेन." चार ओळी, पण त्यात तारीख, आकडा, पुरावा आणि मागणी चारही आहेत.

उत्तर नाही आलं तर १९१५ लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. वजन-माप आणि एमआरपीची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात, भेसळीची अन्न व औषध प्रशासनाकडे. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तडजोड घडवते, आदेश देऊ शकत नाही, म्हणून तिथून मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग, आणि लोक समजतात तितका तो अवघड नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, आणि आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. मुदत घटनेपासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. कागद कसे लावायचे हे कळत नसेल तर ग्राहक पंचायतीत जा, ही चळवळ आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथले कार्यकर्ते तक्रार लिहायलाही मदत करतात. जाताना बिल, वस्तूचा फोटो, दुकानाशी झालेलं बोलणं आणि तक्रार क्रमांक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा.